वाक्प्रचार पाठ आहेत, पण मीटिंगमध्ये चुकीच्या जागी पडतात

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहेत, दहावीपर्यंत मराठी माध्यम. शिकणं, अभ्यास, ज्ञान या विषयावरचे पन्नास-साठ इंग्रजी वाक्प्रचार त्यांनी मराठी अर्थांसकट पाठ केलेत. तरी बोलताना ते भलत्याच जागी पडतात, आणि समोरचे हसतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नुसते गप्प बसतात. सोमवारपासून टीममध्ये दोन नवीन मुलं येतायत, त्यांच्यासमोर फजिती नको. यातले कामाचे कोणते आणि ते अंगवळणी कसे पडतील?

ताई, तुमची मेहनत कमी पडलेली नाही. घोळ त्या यादीच्या उजव्या रकान्यात आहे, जिथे मराठी अर्थ लिहिलाय.

मी ठाण्यात नौपाड्यात तेवीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेक मराठी माध्यमातले, नोकरी करून संध्याकाळी येणारे. कळवा, विटावा, ऐरोली, घणसोलीहून लोकलने येतात, डबा पिशवीत आणि डोळ्यांवर झोप. सुरुवातीची काही वर्षं मीही अशाच याद्या वाटल्या. शंभर वाक्प्रचार, शेजारी शंभर मराठी अर्थ, झेरॉक्सच्या दोन पानांत सगळं ज्ञान. त्या यादीत 'पिक समवन्स ब्रेन'समोर 'एखाद्याचे डोके खाणे' असं छापलं होतं. कुठल्या तरी गाइडमधून उतरवलेलं, मी तपासलं नव्हतं.

महापेला काम करणारा एक विद्यार्थी क्लायंटच्या रोजच्या फोनने वैतागला होता. त्याने मॅनेजरकडे तक्रार केली, इंग्रजीत, यादीवर विसंबून: 'द क्लायंट पिक्स माय ब्रेन एव्हरी डे.' मॅनेजर खूश! कारण या वाक्याचा अर्थ होतो, क्लायंट रोज माझा सल्ला घेतो, माझ्या डोक्यातलं काही ना काही विचारून घेतो. पुढच्या आठवड्यात त्या क्लायंटचं सगळं बोलणं याच्याकडेच सोपवलं गेलं. तो क्लासला आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. यादी मी दिली होती, त्यामुळे चहाही मीच पाजला.

डोकं दोन्हीकडे आहे, म्हणून अर्थ एकच असेल असं आपण धरून चालतो. मराठीत डोकं खाल्लं की ते संपतं. इंग्रजीत त्यातलं वेचून घेतात, आणि ज्याच्या डोक्यातून वेचतात त्याचा मानच होतो. तुमच्या सीनियरला 'कॅन आय पिक युअर ब्रेन?' म्हणालात तर चालेल, फक्त रोज नको. फुकट सल्ला किती घ्यायचा यालाही मर्यादा असते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करू नका, प्रसंग पाठ करा. कोण बोललं, कोणाला बोललं, कशाबद्दल बोललं. आणि चौथी गोष्ट, जी कोणी शिकवत नाही: ज्याच्याबद्दल बोललं तो माणूस तिथे हजर होता का.

आता 'लर्न द रोप्स' घेऊ, कारण सोमवारी तुम्हाला हाच लागणार आहे. यादीत याच्यासमोर बहुधा 'कामाची माहिती करून घेणे' असेल. अर्थ चूक नाही, पण त्यात दोर कुठे आहेत? हा शब्द शिडाच्या जहाजांवरून आलाय. अशा जहाजावर दोरांचं जंगल असायचं, प्रत्येक दोराला वेगळं नाव, वेगळं काम. नवा खलाशी चढला की आधी कुठला दोर कुठलं शीड ओढतो ते शिकायचा. रात्री, वाऱ्यात, हाताला चुकीचा दोर लागला तर अनर्थ.

हे मी वर्गात सांगत होते तेव्हा चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा मागच्या बाकावर हसायला लागला. म्हणाला, "मॅडम, आमचे आजोबा हेच सांगायचे. होडीवर पोराला पहिले दोर शिकवायचे, वल्हं मागून." मग उठून पुढे आला, आपल्या बॅगची नाडी काढली, माझ्या खुर्चीच्या हाताला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "ओढा." मी ओढली, हलेना. त्याने एक टोक हलकेच खेचलं आणि गाठ आपोआप सुटली. म्हणाला, ही सुरगाठ. निरगाठ मारली असती तर कापावी लागली असती, आणि होडीवर दोर कापायची पाळी आली की आजोबा पुढचे चार दिवस बोलायचे नाहीत.

त्या दिवसानंतर त्या बॅचमधलं कोणीही हा वाक्प्रचार चुकलेलं नाही. दोराची निवड, चुकीची किंमत, शिकवणारा कोणीतरी जाणता, असं सगळं चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की 'लर्न', 'नो', 'शो' ही तिन्ही क्रियापदं कशी लागतात ते सांगावं लागत नाही. नवखा दोर शिकतो, जुन्याला ते माहीत असतात, आणि जुना नव्याला दाखवतो.

एक खड्डा मात्र सांगून ठेवते. 'ऑन द रोप्स' म्हणजे वेगळंच. ते दोर बॉक्सिंगच्या रिंगचे. मार खाऊन दोरावर रेललेला, आता कोसळणार असा माणूस. एका मुलीने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात 'हाऊ आर यू सेटलिंग इन?' या प्रश्नाला उत्तर दिलं, 'आय अॅम ऑन द रोप्स.' तिला म्हणायचं होतं, शिकतेय. एचआरवाल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, काही त्रास आहे का, कोणी काही बोललं का.

आणि 'गेट द हँग ऑफ इट' लक्षात ठेवायला तुम्हाला काहीच करायचं नाही, आपल्याकडे हुबेहूब शब्द आहे: हात बसणे. पोळी लाटताना, स्कूटर चालवताना, एक्सेल वापरताना. 'आय अॅम गेटिंग द हँग ऑफ इट' म्हणजे हात बसतोय. असे सरळ जोड मिळतात तेव्हा जरूर घ्या. 'स्कूल ऑफ हार्ड नॉक्स'ला 'टक्केटोणपे खाणे' असंच बसतं. 'नॉक' म्हणजे टोला, ठोका, आणि टोणपा म्हणजेही तेच.

फसवे जोड जास्त आहेत, त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे 'यू कान्ट टीच अॅन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स'. पुष्कळ ठिकाणी याच्यासमोर 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' लिहिलेलं आढळतं, मीही लिहायचे. पण आपली म्हण खोडीबद्दल आहे, वाईट सवयीबद्दल. इंग्रजी म्हण वयाबद्दल आहे, नवं शिकण्याबद्दल. १५२३ सालच्या एका इंग्रजी शेतीच्या पुस्तकात ही कल्पना आलीय: मेंढपाळाच्या कुत्र्याने पिल्लू असतानाच शिकावं, म्हाताऱ्या कुत्र्याला जमिनीला नाक लावून वास घ्यायला शिकवणं कठीण. कुत्र्याचा त्यात काही दोष नाही, खोड तर नाहीच. नुसतं वय झालंय.

हे मला एका विद्यार्थिनीने शिकवलं. बँकेतून निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या काकू, मुलगा परदेशात, सुनेशी नीट बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकायला आलेल्या. यादीतली ती ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, माझी खोड कुठली?" मला उत्तर सुचेना. मग त्याच म्हणाल्या, "मला शिकायला वेळ लागतो हे खरं आहे. पण ती काही खोड नाही." त्या रात्री मी ती झेरॉक्सची मास्टर कॉपी फाडली.

आणि इथेच ती चौथी गोष्ट येते. 'ओल्ड डॉग' स्वतःबद्दल हसत म्हणता येतं. टीममधल्या पन्नाशीच्या माणसाबद्दल तो समोर असताना कधीही नाही, आणि तो नसताना म्हणालात तर ते त्याच्यापर्यंत पोचेल. 'बुकवर्म' इंग्रजीत हल्ली लाडाने म्हणतात. 'पुस्तकी किडा' आपण लाडाने म्हणत नाही, त्यात 'व्यवहार शून्य' असं न बोललेलं शेपूट असतं. कीटक एक, सूर वेगळा. 'नो-इट-ऑल' म्हणजे सर्वज्ञ नव्हे हो. शहाणपणा करणारा, दीडशहाणा. एकाने शिफारसपत्रात वापरला होता, कौतुक म्हणून.

शरीराच्या अवयवांची गंमत बघा. आपलं पाठांतर तोंडात असतं, कंठात असतं: तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. इंग्रजांचं हृदयात: 'लर्न बाय हार्ट'. फ्रेंचमध्येही तसंच. 'रेकॉर्ड' या शब्दाच्या पोटात हृदयाचा लॅटिन शब्द 'कॉर' दडलेला आहे. लॅटिनमध्ये आठवणे म्हणजे हृदयाकडे पुन्हा नेणे. आपण मात्र त्याचं क्रियापदच करून टाकलं: 'बायहार्ट कर.' घरात बोला खुशाल, ठाण्यातली निम्मी पोरं असंच बोलतात. ऑफिसात 'आय बायहार्टेड इट' म्हणू नका, 'आय लर्न्ट इट बाय हार्ट' म्हणा. आणि 'टेक टु हार्ट' वेगळं, ते मनाला लावून घेणं. तसंच 'आय नो इट लाइक द बॅक ऑफ माय हँड'. ते हाताची मागची बाजू दाखवतात, आपण तळहात. संस्कृतात तर तळहातावर आवळाही ठेवलाय, करतलामलकवत्. पण इंग्रजीत बोलताना 'लाइक माय पाम' म्हणालात तर लोक पामचं झाड शोधतील.

आता जरा वेगळा मुद्दा, तुमच्या प्रश्नात नसलेला, पण तुमच्या यादीत शंभर टक्के असलेला. ज्ञानाबद्दलच्या प्रसिद्ध इंग्रजी वचनांची मुंडकी किंवा शेपट्या कापलेल्या असतात.

'इग्नरन्स इज ब्लिस'. अज्ञानात सुख. मीटिंगमध्ये लोक खांदे उडवून म्हणतात. मूळ ओळ थॉमस ग्रे या कवीची, १७४२ च्या सुमाराची, आणि तिच्यात 'इग्नरन्स'च्या आधी 'व्हेअर' हा शब्द आहे. दूरवरून एका शाळेची खेळणारी मुलं बघताना तो म्हणतो की पुढे आयुष्यात काय वाढून ठेवलंय हे यांना माहीत नाही, आणि सांगायचं तरी कशाला? जिथे अज्ञानातच सुख आहे, तिथे शहाणं होणं हा वेडेपणा. 'जिथे' गेलं आणि एका हळव्या ओळीचं आळशी माणसाचं ब्रीदवाक्य झालं.

'अ लिट्ल नॉलेज इज अ डेंजरस थिंग'. मूळ शब्द 'लर्निंग'. अलेक्झांडर पोपची ओळ, १७११ ची, तेव्हा तो पंचविशीच्या आतला होता. यादीत याच्यासमोर 'उथळ पाण्याला खळखळाट फार' असतं आणि इथे मी तक्रार करणार नाही, कारण योगायोगाने पोपच्याही मनात पाणीच होतं. ज्ञानाच्या झऱ्याचं भरपूर पी, नाहीतर तोंडच लावू नकोस, असं तो म्हणतो. पुढे आणखी मजा: थोडं प्यायलं की चढते, भरपूर प्यायलं की उतरते. आपल्या पाण्याचा आवाज होतो, त्याच्या पाण्याची नशा होते. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून डॉक्टरला औषध सुचवणाऱ्यांना दोन्ही लागू.

इंग्रजांना नावं ठेवायला नकोत, आपणही हेच केलंय. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' किती शाळांच्या भिंतींवर असेल! 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट'चं मराठी म्हणून मी स्वतः कित्येक वर्षं सांगितलं. तो श्लोक भर्तृहरीचा, मराठीत आणला वामन पंडितांनी, आणि त्याची शेवटची ओळ अशी आहे: 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे वाळूतून एक वेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाची समजूत घालता येणार नाही. प्रयत्नांची थोरवी नाही, शिक्षकाची हताशा आहे ती! पहिली ओळ भिंतीवर गेली, चौथी आम्हा शिक्षकांकडे राहिली.

याच्या उलटही होतं, शेपट्या जोडल्या जातात. व्हॉट्सअॅपवर फिरतं की 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन'च्या पुढे मूळ म्हणीत स्तुती होती, एका विद्येच्या मास्टरपेक्षा हा बरा, वगैरे. ती ओळ अलीकडची जोड आहे. जुनं एवढंच की आधी नुसतं 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' होतं, 'मास्टर ऑफ नन' नंतर चिकटलं. आपलं 'एक ना धड, भाराभर चिंध्या' जास्त रोखठोक आहे. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'मध्ये तर मांजर पूर्वी जिज्ञासेने मरतच नव्हतं, काळजीने मरायचं. बेन जॉन्सनच्या १५९८ च्या नाटकात 'केअर' असा शब्द आहे. त्यामुळे 'मूळ म्हण पूर्ण वाचा' असं शीर्षक दिसलं की तो मेसेज पुढे पाठवू नका.

ठाणेकर म्हणून एक मला फार आवडतो: 'ट्रेन ऑफ थॉट'. 'आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट' म्हणजे बोलता बोलता धागा सुटला. वर्गात विचारलं की ट्रेन का, तर सगळ्यांना सकाळची लोकलच दिसते, एकाला एक जोडलेले डबे. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ रोजी, त्यामुळे गाडीवर आमचा हक्कच. पण थॉमस हॉब्जने १६५१ मध्येच विचारांची 'ट्रेन' लिहिलीय, आपल्या आगगाडीच्या दोनशे वर्षं आधी. तेव्हा 'ट्रेन' म्हणजे मागे ओढत येणारी रांग. आगगाडीला नाव त्यावरून मिळालं. हा वाक्प्रचार मीटिंगमध्ये सोन्यासारखा आहे. मध्येच कोणी तोडलं आणि गोंधळलात, की 'सॉरी, आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट' म्हणायचं, एक घोट पाणी प्यायचं आणि पुढे जायचं. गप्प राहण्यापेक्षा फार बरं.

'पास विथ फ्लाइंग कलर्स'मधले 'कलर्स' रंग नव्हेत, जहाजाचे झेंडे. झेंडे फडकवत बंदरात शिरलेलं जहाज म्हणजे जिंकून आलेलं. आपण झेंडे अटकेपार लावतो. चित्र एकच, लक्षात राहील.

'स्टीप लर्निंग कर्व्ह' तुमच्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येत असेल. लोक म्हणतात, 'धिस टूल हॅज अ स्टीप लर्निंग कर्व्ह', म्हणजे शिकायला अवघड. टीममधला एखादा गणितवाला नाक मुरडून म्हणेल की आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर कौशल्य घेतलं तर खडी रेघ म्हणजे पटापट शिकणं, म्हणजे सोपं! गणितवाल्याचं बरोबर आहे, पण बोलणाऱ्यांचंही बरोबर आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आलेख नाही, डोंगर आहे. मुंब्रादेवीच्या पायऱ्या चढताना आपण आलेख काढत नाही, दम खातो. शब्द वापरा, वाद घालू नका.

आणि एक वाक्यांश जो तुम्ही आजच बंद करा: 'आय पास्ड आऊट इन २०१४.' आपल्याकडे पासआऊट म्हणजे पदवी मिळाली, आणि देशातल्या देशात ते कोणालाच खटकत नाही. परदेशी क्लायंटला मात्र ऐकू येतं, मी २०१४ मध्ये बेशुद्ध पडले. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. तसंच 'आय टॉट देम अ लेसन' जपून. ट्रेनिंग घेऊन आल्यावर हे म्हणालात तर तुम्ही त्यांना धडा शिकवून आलात असं होईल, आपल्या मराठीतल्यासारखंच.

आता सवयीचं. पन्नास-साठ ऐकून कळले पाहिजेत, पण बोलायला सात-आठ पुरतात. माझी निवड विचाराल तर: रोप्स, हँग, पिक युअर ब्रेन, ट्रेन ऑफ थॉट, स्टीप कर्व्ह, 'ब्रश अप' म्हणजे विसरलेलं पुन्हा घासूनपुसून घेणं, आणि 'रिंग्ज अ बेल' म्हणजे ऐकल्यासारखं वाटतंय पण नक्की आठवत नाही. 'बर्न द मिडनाइट ऑइल' मी मुद्दाम धरला नाही. रात्रीचा दिवस करणं या अर्थाने चांगला आहे, पण स्वतःबद्दल म्हटलं की बढाई वाटते.

वहीत एका पानावर एकच लिहा. वर वाक्प्रचार, खाली तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेलं वाक्य, तारीख, कोण कोणाला म्हणालं, तो हजर होता का. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर शेवटी, पेन्सिलने. तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरायचा नाही, हा माझ्या वर्गाचा नियम आहे. महिन्याला दोन पानं भरली तरी खूप झालं. ऐकलेली वाक्यं विसरायच्या आत घणसोली ते ठाणे या प्रवासात लिहून काढणारे माझे विद्यार्थी आहेत, अर्थात बसायला मिळालं तर.

सोमवारी ती दोन मुलं येतील तेव्हा 'आय विल शो यू द रोप्स' एवढं एकच वाक्य बोला, हसून, आणि मग खरोखरच दाखवा: कुठला पासवर्ड कोणाकडे मागायचा, कुठल्या मेलमध्ये कोणाला कॉपी ठेवायचं नाही, आणि कँटीनमध्ये पोहे किती वाजता संपतात.